जिजीची घोडी आणि माझे पाय

मला एका जागी बसता येत नाही. हे लिहितानाही मी दोनदा गॅलरीत जाऊन आले आणि गॅसवर काही ठेवलेलं नसताना गॅस बघून आले. आई म्हणते, ही पोटात असल्यापासून अशीच आहे, लाथा मारून मारून मला झोपू द्यायची नाही. अशा माणसाला एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की आता उताणं पडून राहायचं. कुशीवर वळायचं ते दुसऱ्याच्या हातांनी, आणि किती दिवस ते आत्ता विचारायचं नाही.

ज्यांना हे ऐकावं लागलं आहे त्यांच्यासाठी मी लिहिते आहे. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते पडून राहण्याबद्दल आणि माझ्या आजीबद्दल. तिला वगळलं तर माझ्या आजारपणात नुसतं छत उरतं.

निदान

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका शाळेत पी.टी. शिकवत होते. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि दिवसभर मुलींच्या मागे पळापळ. पाठ दुखायला लागली तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, खेळाडूची पाठ दुखायचीच. मलम चोळलं, गरम पाण्याची पिशवी घेतली. कुणीतरी सांगितलं म्हणून एका हाड बसवणाऱ्याकडे जाऊन किंचाळून आले. संध्याकाळी बारीक ताप यायचा. वजन उतरलं तर आईला बरंच वाटलं, स्थळं बघायला सुरुवात करायची होती ना!

शेवटी एक दिवस शाळेच्या मैदानावर मी वाकले आणि मला सरळच होता येईना. मग फोटो, मग मोठा स्कॅन. सगळं वरातीमागून घोडं.

डॉक्टर म्हणाले, "मणक्याला टीबी झालाय."

मी म्हणाले, "पण मला खोकला नाहीये."

हे त्यांना प्रत्येक जण म्हणत असावा. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा आजार हाडालाही होतो, गोळ्यांनी बरा होतो, वेळ लागतो. धोका एवढाच की मणका पोकळ झालाय. तो खचला, आतल्या नसांवर दाब आला, तर पायांतली ताकद जाऊ शकते.

"मी परत पळू शकेन?"

"आधी चालण्याचं बघू," ते म्हणाले.

हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते पुढे कित्येक वर्षं निघालं नाही.

बाहेर येऊन आई रिक्षात बसली. मग हळूच म्हणाली, "कुणी विचारलं तर पाठीचं दुखणं सांगायचं. टीबी म्हणायचं नाही." मला तिचा इतका राग आला की उरलेला रस्ता मी बाहेर बघत बसले. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. महापालिकेतल्या नोकरीवर तिने मला एकटीने वाढवलं होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर आता फक्त माझं न होणारं लग्न होतं. हे मला आज कळतं. तेव्हा नाही कळलं.

जिजी

दुसऱ्याच दिवशी पंचवटीहून जिजी आली. जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. माहेर चांदवडकडचं, दिलं पंचवटीत एका टांगेवाल्याला. आजोबांचा टांगा नाशिकहून त्र्यंबकला यात्रेकरू न्यायचा. आजोबा गेले, रिक्षा आल्या, टांगा अंगणात उन्हापावसात सडला, पण जिजीने घोडी ठेवली. लग्नाच्या वरातींना द्यायची म्हणून ठेवली, असं ती लोकांना सांगायची. खरं तर घोडीशिवाय तिला करमत नसे. एक म्हातारी झाली की दुसरी यायची. माझ्या वेळची होती ती चिमणी. नाव चिमणी आणि अंगाने ही थोरली, पांढरी, कपाळावर राखाडी ठिपका.

वरातीत लगाम धरून जिजी स्वतः चालायची. नऊवारीचा काचा मारलेला, पायात पुरुषी चपला. नवरदेवाचे मित्र नाचत नाचत घोडीच्या अंगावर यायला लागले की ती त्यांना दमात घ्यायची, "मागं सरका रे! नवरदेव एकदाच बसणार हाय, हिला रोज चालायचंय."

तिचा देव खंडोबा. देवळालीच्या टेकडीवर ती दर पौर्णिमेला चालत जायची, आणि घरच्या देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेल्या खंडोबाचा चांदीचा टाक होता. मी एकदा विचारलं होतं, "एवढं त्र्यंबकेश्वर जवळ असून तुला खंडोबाच का गं?" तर म्हणाली, "त्र्यंबकराजा मोठाच हाय. पण त्याचा बैल लय सावकाश." रविवारी सकाळी ती भंडारा, म्हणजे देवाची हळद, आधी चिमणीच्या कपाळाला लावायची आणि मग देवाला. तिच्याजवळ राहणारे काका हसायचे. ती म्हणायची, "आधी वाहन, मग मालक."

ही बाई माझ्या खाटेशी आली, मला आडवी पडलेली बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला.

चूक

त्या काळात मी छताकडे बघत दिवस काढत होते. आमचा फ्लॅट तळमजल्यावर. हॉलमध्ये माझी खाट, पलीकडे जाळीची गॅलरी, त्यापलीकडे सोसायटीचं आवार. शाळेच्या घंटेचा आवाज घरात यायचा. मधल्या सुट्टीचा गलका ऐकला की माझ्या पोटऱ्या आपोआप ताठायच्या. गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची, तोंडाला चव नव्हती. बेडपॅनची लाज पहिले काही दिवस वाटली, मग तीही राहिली नाही. मी आईवर ओरडायचे. पंख्यावर ओरडायचे. पडून राहणं हे काम आहे आणि ते मला येत नव्हतं.

आई ऑफिसला गेली की जिजी माझ्यापाशी असायची. तिलाही बसवत नसे. खाटेभोवती फेऱ्या मारायची.

"कोण डाक्टर हाय हा?" ती विचारायची. "झोपवून बरं करतो म्हणं! बसलेलं घोडं उठत नाय, वैजे. पोटात शूळ उठला की घोडं खाली पडायला बघतं. त्याला पडू दिलं की संपलं. चालवायचं, चालवत राहायचं."

"जिजी, मी घोडं नाहीये."

"मग काय हायस? पोटात असल्यापासून लाथा मारतीस."

तिच्या आयुष्यात जे जे आडवं झालं ते ते गेलं होतं. आजोबांची पहिली घोडी तशीच गेली, आणि आजोबाही अंथरुणाला खिळले ते उठले नाहीत. तिच्या दृष्टीने मला खाटेवर ठेवणं म्हणजे मला हळूहळू मारणं होतं. माझ्याकडून सांगायचं तर मला हे ऐकायला फार गोड वाटत होतं.

एका दुपारी ती पंचवटीला जाऊन येते म्हणाली आणि शेजारच्या बाईंना बसवून गेली. परत आली ती चिमणीला घेऊन. पंचवटीपासून इंदिरानगरपर्यंत, भर उन्हात, आग्रा रोडच्या ट्रकांमधून. वॉचमन लिदीच्या नावाने ओरडत होता. जिजीने शेजारीणबाईंना घरी पाठवलं, चिमणीला गॅलरीच्या जाळीला बांधलं आणि आत आली.

"बघ कोण आलंय. ऊठ. दोन पावलं चाल, तिला हात लाव, आन् परत झोप."

खाटेवरून मला चिमणीचा एक कान दिसत होता, माशी उडवणारा. जिजीने माझ्या काखेत हात घातला. मी उठले. किती दिवसांनी जमीन पायाला लागली होती, फरशी गार होती, आणि मला आनंदाने रडू येत होतं. गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत मी गेले. चिमणीने जाळीतून नाक पुढे केलं. मी हात लांब केला तेवढ्यात पाय माझे राहिलेच नाहीत. दुखलं नाही. ते नुसते नव्हते. मी जिजीच्या अंगावर कोसळले आणि आम्ही दोघी उंबऱ्यात बसून राहिलो. चिमणी वरून आमच्याकडे बघत होती.

दवाखाना

मला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं की हे चालल्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही, दाब आधीपासून वाढत असणार, कदाचित होणारच होतं. आईने त्यातलं ‘कदाचित’ घेतलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात तिने जिजीला सांगितलं, "जिजी, आजपासून तुम्ही माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. माझी मुलगी तुमच्या तबेल्यातली नाहीये."

जिजी जिना उतरून गेली. 

माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, मी त्यात नव्हतेच. त्यानंतरचं सांगते. सकाळी फिनाइलचा वास, मग थर्मामीटर, मग ओल्या फडक्याने पुसणं. तिघी जणी एकदम हात घालून मला ओंडक्यासारखी वळवायच्या. मग डॉक्टर यायचे, खिशातली स्कूटरची किल्ली काढायचे आणि माझ्या तळपायावर ओढायचे.

"कळतंय?"

कळत नसे. पण मी कधीकधी हो म्हणायचे. ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आता कुठला पाय होता सांगा." 

भीती म्हणजे काय ते त्या किल्लीने मला शिकवलं. दिवसभर मी तिची वाट बघायचे आणि ती आली की नको वाटायची. एक नर्स होती, गंगापूरकडची. तिच्या घरचे द्राक्षं पिकवायचे. ती येता-जाता एकेक द्राक्ष माझ्या तोंडात टाकायची आणि काहीही विचारायची नाही. "कसं वाटतंय" न विचारणाऱ्या माणसाचे किती उपकार असतात, हे पडून राहिलेल्यालाच कळतं.

मी जेवण सोडत चालले होते. जिजी कुठे आहे म्हणून विचारलं की आई विषय बदलायची. एक दिवस मी ताटच परत पाठवलं. आई माझ्याकडे बघत उभी राहिली, मग पर्स उचलून निघून गेली.

नवस

पंचवटीला आईने काय बघितलं ते तिने मला खूप नंतर सांगितलं. सांगताना ती रडत होती, आणि आई सहसा रडत नाही.

ती जिजीला बोलवायलाच गेली होती. तबेल्यापुढे माणसं जमलेली. चिमणीला शूळ उठला होता. काका लगाम धरून तिला गोल गोल चालवत होते, घोडी घामाने भिजलेली, सारखी गुडघे मोडायला बघत होती. जिजी शेजारून चालत होती. पण तिचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

"हात लाव ना आई!" काका ओरडत होते. "तुझंच ऐकंल ती!"

जिजी नुसती बोलत होती, "चाल गं बाय. चाल माझी चिमणे." घोडी पुन्हा पुन्हा तिच्याकडे मान वळवायची, तोंडाने पदर ओढायची. जिजी पदर सोडवून घ्यायची, हात बाहेर काढायची नाही.

मी कोसळले त्याच दिवशी ती देवळालीची टेकडी चढून गेली होती आणि खंडोबाला बोलली होती, की पोरीचे पाय जमिनीला लागेस्तोवर मी घोडीच्या अंगाला हात लावणार नाही. दुसरं काही तिच्याकडे नव्हतंच सोडण्यासारखं. तिला गोड आवडत नसे आणि दागिना एकही नव्हता.

शेवटी चिमणी खाली बसली. जनावरांचे डॉक्टर आले, सुई दिली, उपयोग झाला नाही. जिजी तिच्या डोक्याशी मातीत बसली, वीतभर अंतर ठेवून, आणि ती जाईपर्यंत तिच्याशी बोलत राहिली. मग उठली, पदरातून हात काढले, आणि आईला म्हणाली, "सुमन, वैजी जेवली का?"

आई तिला रिक्षात घालून थेट माझ्याकडे घेऊन आली. त्या दोघींमध्ये त्या दिवसानंतर त्या जिन्यातल्या बोलण्याचा विषय कधी निघाला नाही. जिजी माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसली. बसली म्हणजे खरोखर बसली, फेऱ्या न मारता. चिमणीचं मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

"फेऱ्या का नाही मारत?" मी विचारलं.

"तू पडायला शिकलीस का? नाय ना? मग दोघी मिळून शिकू."

म्हणून सांगते, तुमच्याजवळ कुणी असं बसणारं असेल तर त्याला बसू द्या. त्याचं चुकलं असेल तरी.

पुढे एका सकाळी किल्ली ओढल्यावर मी "डावा" म्हणाले आणि तो डावाच होता. मग अंगठा हलला. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. माझी मुंगीही लंगडी होती. पट्टा बांधून, वॉकर धरून मी उभी राहिले तेव्हा जिजीने फक्त माझ्या पायांकडे बघितलं. मी म्हणाले, "चला, आता तुझी चिमणी तुला मोकळी झाली." नवसाचं जिजीकडून ऐकून नर्सने सांगितलं होतं मला. आईने जिजीकडे बघितलं. मग दोन वाक्यांत सांगितलं, चिमणी शुळाने गेली, आणि जिजीने तिला शेवटपर्यंत हात लावला नाही.

मी खूप चिडले. आजारी माणसाला रडण्यापेक्षा चिडणं सोपं जातं. "कशाला असले नवस बोलायचे? ती मरत होती, जिजी! एकदा हात लावला असता तर देवाने समजून घेतलं नसतं का?"

"त्यानं घेतलं असतं गं," जिजी म्हणाली. "मलाच घ्यायचं नव्हतं."

नंतर

मी बरी झाले. गोळ्या संपल्या, पट्टा सुटला, शाळेने मला परत घेतलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता सगळं करा, पळासुद्धा. पण मी पळाले नाही. शिट्टी वाजवायचे, मैदानाच्या कडेला उभी राहायचे. बस सुटत असली तरी चालत जायचे आणि ती चुकू द्यायचे. शरीर बरं झालं तरी आतलं माणूस किल्लीची वाट बघत राहतं, हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते आहे.

जिजीने दुसरी घोडी आणली नाही. काकांनी दोनदा विचारलं, तिने विषय उडवून लावला. लोकांच्या घोड्याही ती लांबून बघायची, जवळ जायची नाही. नवस फिटला होता, पण तिचे हात काही पदरातून निघत नव्हते. आम्ही दोघी एकाच दुखण्याच्या होतो म्हणायचं.

काही वर्षांनी ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि हृदय इतकं थकलेलं की ऑपरेशन नको म्हणाले. तिला आम्ही आमच्याकडे आणलं, त्याच हॉलमध्ये, त्याच खाटेवर. छताकडे बघून म्हणाली, "हेच बघत व्हतीस व्हय इतके दिवस? लय बेकार हाय." रस्ता दिसावा म्हणून दिवसा तिची खाट आम्ही गॅलरीत ओढायचो.

ती जाण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती. चौकातून बँडचा आवाज आला आणि आमच्या कंपाउंडवरून एक वरात जायला लागली. पांढरी घोडी, वर मुंडावळ्या बांधलेला घामाघूम नवरदेव. जिजीने मान उचलली.

"लगाम ताणलाय मेल्यानं," ती म्हणाली. "तोंड फाडंल तिचं."

मग तिचा हात चादरीतून बाहेर आला. थोडासा, जाळीकडे. तिने काही मागितलं नाही. घोडी पुढे निघून गेली, बँडचा आवाज वळणाकडे सरकला, आणि हात तसाच राहिला.

मी गेटबाहेर कशी आले ते मला माहीत नाही. पायात चपला नव्हत्या. वळणावर मी वरात गाठली, घोडीवाल्याच्या पुढ्यात उभी राहिले, श्वास पुरत नव्हता. "माझी आजी... तिथं... दोन मिनिटं घोडी आणा."

"कोण आजी?" तो वैतागून म्हणाला.

"पंचवटीची. चिमणीवाली."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "चिमणीवाल्या जिजी? हायेत अजून?" आणि कुणालाही न विचारता त्याने घोडी वळवली. नवरदेवासकट. नवरदेव "अहो, अहो" करत राहिला, बँडवाल्यांना वाटलं रस्ता बदलला, तेही वाजवत मागे आले. नवऱ्याकडचे लोक ओरडत होते. आमच्या सोसायटीत अख्खी वरात शिरली.

घोडीवाल्याने लगाम सैल सोडला. घोडीने जाळीतून नाक आत घातलं. जिजीने हात उचलला, मी कोपराला आधार दिला, आणि तिने घोडीच्या कपाळावर तळवा टेकवला. कितीतरी वेळ ठेवला. नवरदेवही वरून बघत होता.

मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी अजून धापा टाकत होते. आई दारात पोळीचं लाटणं घेऊन उभी होती, तीही माझ्याच पायांकडे बघत होती.

"वैजे," जिजी म्हणाली, "तू पळालीस."

तोवर ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने उशीखाली चाचपून भंडाऱ्याची पुडी काढली. चिमूटभर घोडीच्या कपाळाला लावला. उरला तो मला वाकायला सांगून माझ्या कपाळाला. पुडी झटकून बघितली तर रिकामी होती.

मी म्हणाले, "देवाला राहिला की गं. उद्या रविवार."

"समजून घेईल तो," जिजी म्हणाली. "घोडेस्वारच हाय."